हौसाची परडी घेऊन कणकुंबीच्या वाटेला

निपाणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजे वाकळ पिळली. थंडी पडायच्या आधी आमच्याकडं वाकळी, म्हंजे गोधड्या, धुऊन घेतात. भिजलेली वाकळ एकट्या माणसाला पिळत न्हाय, दोन टोकांना दोघं लागतात. मी एका बाजूनं पीळ दिला, हौसानं दुसऱ्या बाजूनं. सत्तरीची बाई, पण पन्नास वर्सं विड्या वळलेली बोटं. टोक निसटलं ते माझ्या हातातनं.

"गवंड्याचं हात म्हनं," ती म्हणाली आणि हसली.

मग दोरीवर वाकळ टाकताना म्हणाली, "अवो, माझ्यामागं ती परडी नदीत टाकू नका. कुणाच्या तरी हातात द्या."

मी म्हणालो, "वाकळ नीट पसर. एका बाजूला लोंबतीय."

दुपारी छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकून बसली. रिक्षा दारात येईस्तोवर संपली होती. वाकळ अजून ओलीच होती.

आमच्या भागाकडं जे कधी आले न्हाईत, त्यांना सांगतो. परडी म्हंजे यल्लम्माची टोपली. वेताची, ताटाएवढी, कडेनं कवड्या शिवलेल्या. आत भंडारा, म्हंजे हळद, आणि अंगठ्याएवढा पितळेचा मुखवटा. ज्या बाईकडं परडी असती तिनं मंगळवारी आणि शुक्रवारी पाच घरं जोगवा मागायचा आणि मिळेल ते त्याच दिवशी शिजवून खायचं. बाई मेली की परडी घरातल्या दुसऱ्या बाईकडं जाती.

आमच्या घरात देव न्हाय. मी आठ-नऊ वर्सांचा असताना बापानं धम्म घेतला. त्या दिवशी त्यानं घरातलं सगळं देव पोत्यात भरलं आणि वेदगंगेत सोडलं. मी पोत्याचं तोंड धरून उभा होतो. तेव्हापासनं मी कुठल्या देवापुढं हात जोडला न्हाय.

आमची पहिली पोरगी सुगंधा चार वर्सांची असताना घटसर्पानं गेली. हौसा म्हणत होती देवीच्या बाईकडं नेऊ, मी म्हणालो दवाखान्यात. दवाखान्यात नेली, वाचली न्हाय. हौसा माहेरी गेली, ती दोन महिन्यांनी परडी घेऊन परत आली. मी काय बोललो न्हाय, ती बी काय बोलली न्हाय. पुढं चव्वेचाळीस वर्सं आमचा हाच रिवाज. मी कामावर गेलो की ती परडी काढायची, मी यायच्या आत माळ्यावर पिठाच्या डब्यामागं ठेवायची. पण मला कळायचं. एरवी तिच्या बोटांना तंबाखूचा वास असायचा, त्या दोन दिवशी हळदीचा.

मी मनात एक ठरवून ठेवलं होतं. ही परडी म्हंजे माझ्यावरचा ठपका. देवीकडं नेली असती तर पोरगी जगली असती, असं ही बाई न बोलता मला आठवड्यातनं दोनदा सांगतीय.

दीड महिन्यानं माळ्यावरनं परडी खाली काढली. शेजारच्या म्हातारीला म्हणालो, घेतीस का. ती म्हणाली, "माझीच मला झेपंना, बाबा. लांबचं न्हाय, घरातलं कुणीतरी बघ. आन् ऐक, ती जमिनीला टेकवायची न्हाय. उष्ट्या हातानं धरायची न्हाय."

मी म्हणालो, "मी ह्यातलं काय मानत न्हाय."

"मानू नगं. टेकवू नगं म्हंजे झालं."

म्हणून मी परडी हौसाच्या पिवळ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली, खांद्याला अडकवली, आणि बेळगावची बस धरली. सगळ्या प्रवासात ती जमिनीला टेकवली न्हाय. का, ते इचारू नका.

बेळगाव

बेळगावात पोरगा राहतो. बँकेत हाय. तिसऱ्या मजल्यावर घर, जिन्याला संगमरवर, पण पायऱ्या सारख्या उंचीच्या न्हाईत. असला जिना मी केला असता तर मुकादमानं हाकलून दिला असता.

परडी ठेवायची कुठं हा घोळ झाला. मी दारात उभाच. सूनबाईनं, सुनीतानं, हातातनं घेतली आणि फ्रिजवर ठेवली. पोरगा तिच्याकडं आणि माझ्याकडं बघतच राहिला.

"आप्पा, आजोबांनी पोतं भरून नदीत टाकलं आणि तुम्ही परत घरात आणताय?"

"तुझ्या आईचं हाय. कुणाच्या तरी हातात दे म्हणाली."

"कुणाच्या? हिच्या?"

सुनीता शाळेत शिकवती. ती भाजी चिरायची थांबली. "मामा, मी घेणार न्हाय. तुमच्याशी खोटं बोलत न्हाय. सासूबाई असत्या तर त्यांनाबी हेच सांगितलं असतं."

मला राग आला न्हाय. सरळ बोलणारं माणूस मला बरं वाटतं.

जेवताना ती म्हणाली, "मामा, एक विचारू? देव न्हाय हे तुम्ही स्वतः कधी ठरवलंत?"

आता मी शहात्तर वर्सांचा. जन्मभर लोकांशी ह्यावरनं भांडलो. गणपतीच्या वर्गणीवरनं एकाच्या अंगावर थापी घेऊन धावलो होतो. पण हे मी ठरवलं न्हवतंच. बापानं पोतं भरलं, मी तोंड धरलं. बापानं देव धरून ठेवलं असतं तर मी बी धरून बसलो असतो, आणि उलट्या बाजूनं तेवढाच भांडलो असतो.

"तू कधी ठरवलंस?" मी तिला इचारलं.

"चौथीत. शाळेत पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून एका बाईंनी सगळा हौद उपसायला लावला. त्यांच्या गळ्यात देवाचा ताईत होता. म्हटलं, ह्यांचा जो कोण असंल तो मला नको."

पोरगा म्हणाला, "मी मात्र पुस्तकं वाचून ठरवलं."

"पुस्तकं नंतर," सुनीता म्हणाली. "आधी तुम्हाला भाड्यानं खोली कुणी दिली न्हाय. मग पुस्तकं."

पोरानं मला खव्याचा कुंदा वाढला. हौसाला कुंदा लई आवडायचा. मी तो खाल्ला न्हाय, कागदात बांधून घेतला. कणकुंबीच्या अलीकडं, हौसाच्या माहेरच्या घरात, तिची थोरली बहीण राहती, गंगूआक्का. आता तिच्याशिवाय दुसरे हात मला माहीत नव्हते.

जांबोटीचा रस्ता

दुसऱ्या दिवशी स्टँडवर पहिली अडचण आली ती लघवीची. दोन्ही हात लागतात, आणि परडी ठेवायची कुठं? एक कन्नड म्हातारा बाकावर बसला होता, डोक्याला पांढरा रुमाल. मला कन्नड कामापुरतं येतं. म्हणालो, अज्जा, जरा धर. त्यानं कापडातनं कवड्या चाचपल्या, आणि बसलेला उठून उभा राहिला. मी परत आलो तरी तसाच उभा, दोन्ही हातांवर परडी. देताना ती कपाळाला लावली. लघवीला गेलेल्या माणसाची परडी. मला लाज वाटली.

आमच्या ह्या राज्यात बायकांना बस फुकट हाय. कंडक्टर तरणा होता. त्यानं बी कवड्या बघितल्या.

"अज्जा, टिकीट?"

"एक कणकुंबी."

"तुमचं एक बरोबर. देवी बाई हाय, तिला फुकट."

पुढच्या बायका हसल्या. मी बी हसलो, दीड महिन्यात पहिल्यांदा. मग मला वाटलं, हे हौसाला घरी जाऊन सांगावं. मग हसायचं राहिलं.

पिरनवाडी सुटली की रान सुरू होतं. आमच्याकडची माती काळी, तंबाखूची. इथं तांबडी, आणि दोन्ही अंगांना झाडी अशी की ऊन रस्त्यावर पडताना गाळून येतं. भात कापून झालेलं, खाचरात नुसती खुंटं. एक जण सांगत होता की संध्याकाळी रस्त्यावर अस्वल येतं. आमच्याकडं संध्याकाळी रस्त्यावर दारुडे येतात.

जांबोटीला एक बाई चढली. बरोबर पोरगी, तीन-साडेतीन वर्सांची, शालीत गुंडाळलेली. माझ्या शेजारी जागा होती. बाई बसली, परडी बघितली, आणि मी काय म्हणायच्या आत कनवटीचं रुपायाचं नाणं काढून आत टाकलं.

"बाबा, पोरीला भंडारा लावा."

"मी जोगती न्हवं, बाई. ही माझ्या बायकोची हाय. ती वारली."

"परडी तुमच्या खांद्याला हाय न्हवं?"

"पोरीला काय झालंय?"

"दोन दिस ताप."

"मग दवाखान्यात ने. असलं काय करत बसू नको," मी म्हणालो. माझा आवाज चढला. पुढच्या बायका मागं वळल्या.

बाई चिडली न्हाय. पिशवीतनं औषधाची बाटली काढून दाखवली. "दवाखान्यातनंच आले की. इंजिक्शन झालं. औषध झालं. आता तेवढं ऱ्हायलंय."

बस वळणं घेत होती. पोरगी माझ्याकडं बघत होती, डोळे तापानं चकाकणारे. माझ्याकडं दोन वाटा होत्या. माझं तत्त्व सांगून गप्प बसायचं, न्हायतर बोट बुडवायचं. मी कापड सोडलं, भंडाऱ्यात अंगठा बुडवला आणि तिच्या कपाळाला लावला. कपाळ भाजत होतं. तो ताप माझ्या अंगठ्याला ओळखीचा होता.

बाईनं डोकं माझ्या पायाकडं नेलं, मी पाय मागं घेतले. पुढच्या फाट्याला ती उतरून गेली. पोरगी बरी झाली का, मला माहीत न्हाय. झाली असंल तर त्या बाईच्या हिशोबात माझा अंगठा बी असंल, आणि पोरगी मोठी होऊन भंडारा लावून घेईल. असं हे देवाचं लागतं माणसाला. आणि झाली नसंल तर काय, हा इचार मी पुढं नेला न्हाय.

कणकुंबीच्या अलीकडं

गंगूआक्काची वाडी रस्त्यापासनं आत, पंधरा-वीस घरं. मी पोचलो तेव्हा ती खळ्यावर भात पाखडत होती. ऐंशीच्या पुढं गेलीय, कंबर वाकलीय, पण सुपाला झोल न्हाय. तिनं आधी परडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आलासा, पावणं? तिला घिऊन आलासा व्हय."

तिनं परडी घेतली न्हाय. अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्याकडं बोट केलं, म्हणाली तिथं ठेवा. मी ठेवली. खांदा एकदम हलका झाला आणि मला ते आवडलं न्हाय.

जेवायला उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेली सुकट. आमच्याकडं पेज आजाऱ्याला देतात, इथं धडधाकट माणूस दोन वेळा पितो. कुंद्याचा कागद मी तिच्यापुढं ठेवला. तिनं वास घेतला, एक तुकडा मोडला, बाकीचा बाजूला सारला आणि परत सूप हातात घेतलं.

"आक्का," मी म्हणालो, "एक इचारतो, सरळ सांग. देवीकडं नेली असती तर पोरगी वाचली असती, असं हौसा म्हणायची का?"

"तिला काय येड लागलंतं? आमच्या आईनं तीन पोरं देवीच्या पायावर घातली आन् तिन्ही गेली. देवी पोरं वाचवत न्हाय, ह्ये आमाला तुमच्या आदी ठावं हाय."

"मग परडी कशाला घेतली?"

"घेतली न्हाय, दिली. पोरगी गेल्यावर ती हितं आली आन् त्या कोपऱ्यात पडून ऱ्हायली. आंघूळ न्हाय, खानं न्हाय. पंधरा दिस. आईनं आपली परडी तिच्या हातात घातली, म्हनाली उठ, पाच घरं मागून ये. परडी हातात असली की आंघूळ करावी लागती, केस इंचरावं लागत्यात. दारात हुबं ऱ्हाऊन शबुद काढावा लागतो. आन् आनलेलं त्याच दिशी खावं लागतं. अशी ती जेवाया लागली. देवीबिवी मागनं आली. आदी पाय उचललं."

मी म्हणालो, "चव्वेचाळीस वर्सं मला वाटायचं की ती मला दोष देतीय."

"द्यायचीच की."

तिनं सूप खाली ठेवलं.

"देवीचं आन् डाक्टरचं भांडण तुमी लावलंसा, पावणं. तिचं भांडण येगळंच व्हतं. तुमी स्लॅबवर गेलतासा."

वर मी लिहिलं की पोरीला दवाखान्यात नेली. ते खरं हाय, पण सगळं न्हाय. पोराला बी मी सगळं कधी सांगितलेलं न्हाय, ते आता इथं लिहितो. सकाळी सुगंधाचा गळा सुजलेला. हौसा म्हणाली देवीच्या बाईकडं नेऊ. मी म्हणालो, देवी-बिवी काय न्हाय, दवाखान्यात न्यायची. आणि मग म्हणालो, संध्याकाळी. त्या दिवशी एका वखारीचा स्लॅब होता. स्लॅब एकदा सुरू झाला की गवंड्याला हलता येत न्हाय, मध्ये थांबला तर सांधा पडतो आणि पावसाळ्यात गळतो. मी आलो दिवे लागताना. पोरीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. दवाखान्याच्या दारात गेली. देवीकडं नेली न्हाय माझ्या तत्त्वामुळं, आणि डॉक्टरकडं वेळेत नेली न्हाय माझ्या कामामुळं. पुढं मी कामाचं नाव पुसलं आणि तत्त्वाचं ठेवलं. तत्त्व दाखवायला बरं असतं.

ती वखार निपाणीत अजून उभी हाय. स्लॅब गळत न्हाय.

"तसं तिनं तुला सांगितलं?" मी इचारलं.

"येकदाच. म्हनाली, चुकलं एवढं जरी म्हनला असता तरी चाललं असतं. त्यो देव न्हाय म्हनत बसला."

"मग परत माझ्याकडं का आली?"

"पाच घरं हिंडली की बाईला आपल्या घराला परत यावं लागतं. दुसरं कुठं जानार?"

खळ्यावर कोंबड्या दाणे टिपत होत्या. मी परडीकडं बघितलं आणि म्हणालो, "आक्का, तू घे ती. तुझ्या आईचीच हाय."

"मी घेत न्हाय. दीड म्हयना उपाशी हाय ती. उपाशी परडी कुणीच घेत न्हाय. जेच्या घरातली त्यानं आदी पाच घरं मागायची, शिजवून खायाचं. आन् ज्यानं मागितलं त्याची ती झाली. मग त्याला देता येत न्हाय, टाकता येत न्हाय."

"मी बौद्ध हाय, आक्का. देव मानणार न्हाय असं बापानं वचन दिलंय."

"मग वर मलप्रभेचा झरा हाय. लांब न्हाय. सोडून द्या आन् सकाळची बस धरा. देवी काय करत न्हाय तुमाला. तिला बी तुमची सवय झालीया."

ती आत गेली. मी अंधार पडेस्तोवर कट्ट्यावर परडीशेजारी बसून होतो. बापाचा इचार केला. बाप पोतं भरताना रडला होता, हे मी कुणाला सांगत न्हाय. त्या देवांत त्याच्या आईची परडी बी होती. सोडायला त्याला जड गेलं, पण का सोडायचं हे त्याला ठाऊक होतं. विहिरीवरनं हाकललेला माणूस तो. त्यानं किंमत मोजून सोडलं. हौसानं किंमत मोजून धरलं. मधी मी, मला दोन्ही आयतं मिळालं.

सकाळ

शुक्रवार होता. मी उठलो, थंड पाण्यानं आंघोळ केली, दाढी केली, परडी उचलली.

पहिल्या दारात उभा राहिलो, पण 'जोगवा' हा शब्द तोंडातनं निघेना. आतली बाईच म्हणाली, "कुणाची परडी?" मी म्हणालो, "हौसाची." तिनं मूठभर तांदूळ टाकले.

दुसऱ्या घरी एक माणूस दात घासत होता. "अज्जा, मिशा ठिवून जोगवा मागतासा?"

"बायको मेली," मी म्हणालो. "तिच्या वाट्याचं हिंडतोय."

त्यानं चूळ भरली आणि आत जाऊन स्वतः तांदूळ घेऊन आला.

तिसरं घर बंद होतं. चौथ्यात मिळालं, पाचव्यात मिळालं. सहाव्या घराच्या दारावर निळा रंग होता आणि भिंतीवर बुद्धाचा फोटो. तरणी बाई बाहेर आली.

"आमी ह्यातलं न्हाय, आजोबा."

"मी बी न्हाय," मी म्हणालो.

मी काय समजावलं न्हाय, मला समजावता आलं बी नसतं. ती आत गेली, आणि ओंजळ भरून घेऊन आली. परडीत टाकताना तिनं नमस्कार केला न्हाय. मी बी केला न्हाय. बंद घर सोडून पाचवं घर ते झालं.

गंगूआक्कानं चूल पेटवून दिली आणि बाजूला झाली. शिजवायचं मी, असं म्हणाली. पाच घरचे तांदूळ मी एकाच भांड्यात टाकले. कुणाचे उकडे, कुणाचे साधे, एकाचे जुने, एकाचे ह्याच आठवड्यात भरडलेले. सगळं एकदम शिजत न्हाय, हे हौसाला माहीत असणार, मला कुणी सांगितलं नव्हतं. साधे विरघळून लापशी झाले, उकडे आत टणक राहिले. खाली थोडं करपलं.

"सुगंधा, माझं चुकलं," मी भांड्याकडं बघत म्हणालो. आक्का चुलीला फुंकर घालत होती, ऐकू आलं असंल तर तिनं दाखवलं न्हाय.

ताट घेतलं, बसलो, आणि सगळं खाल्लं.